आडनावाच्या गावात घर नाही

आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे. शेवटी 'कर' लागतं, आणि आधीचं गाव पाटण तालुक्यात आजही नांदतं आहे. तिथं एस.टी. जाते, शाळा आहे, भैरोबाचं देऊळ आहे. आमचं मात्र तिथं काहीच नाही. घर नाही, पडक्या घराचा चौथरा नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, भाऊबंद नाहीत. आमची जी काही जुनी जमीन होती ती दुसऱ्याच गावात, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. माझे दीर निवृत्त झाल्यापासून या कोड्यामागे लागले आहेत, आणि माझी मुलगी त्यांना सांगत आली आहे की काका, हा नाद सोडा. गेल्या दिवाळीत दोघं समोरासमोर बसले आणि बोलणं रात्रीपर्यंत चाललं. ते इथे मांडते आहे, कारण दोघांचंही मला बरंच पटतं आणि तरीही शेवटी एका बाजूला झुकल्याशिवाय राहवत नाही.

आडनाव मी लिहिणार नाही. आपल्याकडे आडनाव वाचलं की माणूस आधी जात ठरवतो आणि पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचतो. तसं या बोलण्याचं व्हायला नको.

दीर भूमी अभिलेख खात्यात होते. त्यांना मोडी येते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणारं माणूस मिळेना. आसपासच्या गावांतली माणसं जन्ममृत्यूच्या नोंदींच्या, म्हणजे ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात त्याच्या, झेरॉक्स घेऊन त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. दुसऱ्यांचे पणजोबा शोधून देता देता भाऊजींनी आपलेही शोधायला घेतले. मुलगी महाविद्यालयात इतिहास शिकवते. स्वतःचं नाव, मग माझं, मग तिच्या बाबांचं, एवढंच लिहिते. पुढे आडनाव लावत नाही.

भाऊजींनी सुरुवातच केली ती, "कुलवृत्तान्त छापायचा" अशी.

"कुणासाठी?" तिनं विचारलं.

"तुझ्यासाठी. तुझ्यामागून येतील त्यांच्यासाठी. आपण कुठून आलो हे ठाऊक नसलेलं घराणं म्हणजे नुसती माणसांची बेरीज."

"काका, कुलवृत्तान्त निघाले कुणाचे? ज्यांच्याकडे सनदा होत्या, वतनं होती, त्यांचे. इंग्रजांनी १८५२ साली इनाम कमिशन बसवलं, इनामदारांकडे पुरावे मागितले, म्हणून त्यांनी कागद जिवापलीकडे जपले. ज्याच्याकडे इनाम नाही त्याला कागद जपायचं कारणच काय? मग ज्यांचे कागद उरले त्यांना पूर्वज उरले आणि बाकीचे आभाळातून पडल्यासारखे."

"म्हणून तर शोधायचं ना! पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन बघ. १८९१ची इमारत आहे, पेशवे दप्तर तिथं ठेवलंय. रुमालांवर रुमाल बांधलेले. त्यात काय फक्त सरदारच आहेत? पखाली आहेत, मोतद्दार आहेत, हुजरे आहेत, कुणबिणी, म्हणजे दासी, आहेत."

"कुणबिणी आहेत, पण किमतीसकट आहेत. बापाचं नाव नाही, गाव असलं तर असलं. त्यांच्या लेकरांनी वंशावळ कुठून काढायची?"

भाऊजी गप्प बसले नाहीत, पण आवाज खाली आला. "ते खरं आहे," म्हणाले. "पण ज्यांची सापडते त्यांचीही काढायची नाही, असा काही त्याचा अर्थ होत नाही."

मला हे दोन्ही एकाच वेळी खरं वाटलं. मग भाऊजींनी आपला आवडता विषय काढला. आडनावं कशी पडली यावर ते तासन्‌तास बोलू शकतात. हुद्द्यावरून पडलेली तर सगळ्यांना ठाऊक असतात: कुलकर्णी, देशपांडे, चौगुले, पोतदार, पारसनीस, सबनीस. पण त्यांना रस आहे तो एका आडनावानं दुसरं कसं पुसलं, यात. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, मूळ कोकणातल्या वेळासचे. फडणिशी घरात आली आणि भानू हे नाव कागदांपुरतं राहिलं. पेशव्यांचं मूळचं भट तर 'पेशवे' या पदाखाली असं दडलं की आज सांगावं लागतं. आणि जोतीराव फुले? घराणं गोऱ्हे, गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. तिथून खानवडी, तिथून पुणं. पुण्यात पेशव्यांकडे फुलं पुरवण्याचं काम मिळालं आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले.

"बघ," भाऊजी म्हणाले, "एका आडनावात तीन गावं आणि एक धंदा. हे शोधणं वाया कसं जाईल?"

"पण काका, तुम्हाला त्यातून 'मूळ' हवंय. फुल्यांचं मूळ कुठलं मानायचं? कटगुणचं की फुलांच्या दुकानातलं? जोतीराव ज्या नावानं उभे राहिले ते धंद्याचं नाव. गोऱ्हे हे नाव कळलं म्हणून त्यांचं कुठलं काम अधिक कळतं?"

"काम नाही कळत, वाट कळते. कटगुण सोडावं का लागलं, ते विचारावंसं वाटतं. ते विचारलं की गावातला जुलूम दिसतो, उपासमार दिसते. मूळ म्हणजे काय बियाणं थोडंच आहे, मूळ म्हणजे वाट."

हे वाक्य मी जपून ठेवलं. भाऊजी चांगलं बोलतात ते अशा वेळी. कुलवृत्तान्ताचा थाट डोक्यातून गेला की त्यांच्यातला जुन्या नकाशांचा माणूस बोलायला लागतो.

मुलीनं मग गोव्याचा विषय काढला, आणि ती काय म्हणते आहे हे मला तिथं खरं उमगलं. तिथल्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घरांतल्या मुलांना बापाचं आडनाव मिळत नसे. दीनानाथांची आई येसूबाई, वडील मंगेशीच्या देवळातले पुजारी. दीनानाथांनी वडिलांचं नाव लावलं नाही, देवाच्या आणि गावाच्या नावावरून मंगेशकर झाले. केसरबाई केरी गावावरून केरकर, मोगूबाई कुर्डी गावावरून कुर्डीकर. साळावली धरणात कुर्डी बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गावाचे चौथरे, देवळाचे अवशेष वर येतात आणि कुर्डीची माणसं तिथं जाऊन जमतात. आडनाव मात्र मैफलीत तसंच घुमत राहिलं, पुढच्या पिढीच्या शिष्यांच्या ओळखीत राहिलं.

"या बायकांनी आडनाव वारशात घेतलं नाही," ती म्हणाली. "घडवलं. तुमच्या वंशावळीच्या झाडात त्यांना फांदीच नव्हती. आणि बाबासाहेबांचं बघा. घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव लागलं ते भिवा रामजी आंबेडकर असं. शाळेच्या रजिस्टरातल्या त्या एका ओळीतून पुढचं, सगळ्या देशाला ठाऊक असलेलं नाव आलं. त्याआधी किती पिढ्या सकपाळ होते हे शोधून तुम्ही त्या नावात काय भर घालणार?"

"भर घालायची कोण म्हणतंय? पण आंबडवे कुठं आहे हे लोक जाऊन बघतातच ना? का जातात?"

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. भाऊजींना जिंकायचं असतं तर तिथंच थांबले असते, पण ते पुढे बोलत राहिले, आणि त्या रात्रीतलं सगळ्यात उपयोगाचं बोलले असं मला वाटतं.

त्यांचं म्हणणं असं: 'कर' लागलेलं आडनाव त्या गावात पडत नाही. गावात सगळेच तिथले, मग कुणाला तिथला म्हणून ओळखायचं? माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो, तिथं लोक त्याला अमक्या गावचा म्हणतात, आणि मग नाव चिकटतं. म्हणजे असं आडनाव हा राहण्याचा पुरावा नाही, निघून आल्याचा पुरावा आहे. ज्या गावात नाव पडलं ते गाव आडनावात येतच नाही. आणि तरी नेम नाही. कुणी नोकरीच्या गावावरून, कुणी आजोळावरून, कुणी ज्याच्या आश्रयाला राहिलं त्याच्या नावावरून आडनाव घेतलं. म्हणून नुसत्या आडनावावर विसंबून मागे जाऊ नये, असं ते दुसऱ्यांना नेहमी सांगतात. कुळदैवत विचारा, देवक विचारा, सोयरीक कुठल्या पट्ट्यात होते ते विचारा. त्र्यंबकेश्वराला किंवा पंढरपूरला गेला असाल तर तुमच्या गावचे उपाध्ये कोण ते विचारा. त्यांच्या नामावळीत आजोबांनी आपल्या हातानं बाप, आजा, भाऊ, मुलगे लिहून ठेवलेले सापडतात. दक्षिण साताऱ्यात, सांगली-कोल्हापुरात घरोघर हेळवी येतात, पूर्वी बैलावर पोथ्या लादून यायचे, आता मोटारसायकलीवर येतात आणि वहीतून पिढ्या वाचून दाखवतात. धान्य द्यावं, ऐकावं, पण कागदाशी ताडून घ्यावं. पैसे मोजले की वंशावळ थेट उदेपूरला नेऊन भिडवणारेही पूर्वीपासून आहेत.

"मग आपल्याबाबतीत तुम्ही हे का नाही केलंत?" मुलीनं विचारलं. "आपल्याकडे म्हणे शिलेदार होते. माळ्यावर तलवारीचं म्यान होतं. हे कुठून आलं?"

"आजोबा सांगायचे."

"आजोबांना कुणी सांगितलं?"

भाऊजींनी उठून कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. हा कागद त्यांना एका दूरच्या चुलत्याच्या घरी मिळाला होता. १८८० च्या आसपासचा, माझ्या मुलीच्या खापरपणजोबांनी सावकाराला लिहून दिलेल्या गहाणखताचा. मी तो पहिल्यांदाच जवळून पाहिला. वर स्टँपाचा छाप, खाली मोडी. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढतो आणि मग बोरूनं त्या रेघेला अक्षरं लटकवत जातो, म्हणून ओळी दोरीवर वाळत घातल्यासारख्या दिसतात. शब्दांत जागा सुटलेली नसते. शाई तपकिरी झाली आहे, घड्यांवर कागद विरलाय.

तो काळ ध्यानात घ्यायला हवा. १८७५ साली सुप्यात कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली होती. लगोलग १८७६ ते ७८ चा दुष्काळ. मग १८७९ साली सरकारनं दख्खन शेतकरी मदत कायदा केला, तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता, आणि त्यानंतर अशी खतं नोंदवून घेण्याची सक्ती आली. आमच्या खापरपणजोबांचा कागद उरला तो या सक्तीमुळे. म्हणजे आमच्याकडे सनद नाही पण कर्ज आहे, आणि कर्जामुळे माणूस सापडला.

कागदात त्यांचं नाव आहे, 'बिन' लावून बापाचं नाव आहे, मौजे लावून गावाचं नाव आहे. आडनाव नाही. गाव ते डोंगरापलीकडचं, जिथं आमची जुनी जमीन. आडनावातलं गाव कागदात कुठेही येत नाही. शेताच्या चार बाजू, म्हणजे चतुःसीमा, मात्र इतक्या बारकाईनं लिहिल्या आहेत की पूर्वेचा ओढा आणि पश्चिमेचं आंब्याचं झाड आजही जाऊन बघता येईल. आणि खाली सहीच्या जागी एक छोटं चित्र. नांगर. सही न येणारा शेतकरी असं नांगराचं चिन्ह काढायचा आणि लिहिणारा शेजारी 'निशाणी नांगराची' असं लिहायचा. तलवार-कट्यारीची निशाणी करणारे वेगळे.

"मी कट्यार शोधत होतो," भाऊजी म्हणाले. "नांगर निघाला."

मुलीनं तो नांगर बराच वेळ बघितला. हात लावला नाही, वरून बघत राहिली. दोन-तीन रेघांचा, हलत्या हातानं काढलेला. मग म्हणाली, "शिलेदारापेक्षा हा मला जास्त आवडला."

"मग शोधलं ते बरंच झालं की."

"हा माणूस शोधलात म्हणून बरं झालं. आडनाव शोधत बसला असतात तर हा सापडलाच नसता. याला आडनाव नव्हतं."

या मुद्द्यापाशी मी बोलण्यात पडले. मी तिला विचारलं, की मॉरिशसची माणसं इथं येतात त्यांना तू नको म्हणशील का? तिच्याच तोंडून मी ऐकलं होतं. १८३४ पासून हिंदुस्तानातून करारावर मजूर मॉरिशसला गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते. जहाजावरून उतरताना प्रत्येकाला क्रमांक मिळे. रजिस्टरात नाव, बापाचं नाव, वय, गाव, आणि पुढच्या काळात फोटोसुद्धा. ती रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मजुराला आडनाव विचारलं गेलंच नाही, किंवा त्यानं सांगितलं ते कारकुनाला उमजलं नाही, आणि त्याचं एकट्याचं नाव पुढे साऱ्या घराण्याचं आडनाव झालं. आज तिथं गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, पण पणजोबाचं गाव कारकुनाच्या हातून लिहिलं गेलं तसं रोमन अक्षरांत अडकून पडलेलं आहे. अशी माणसं रत्नागिरीला, साताऱ्याला येऊन एखाद्या नावाच्या चार गावांत चौकशी करत फिरतात.

"त्यांना नको कशी म्हणेन?" ती म्हणाली. "त्यांचं तोडून नेलं गेलं. त्यांना हक्क आहे."

"आणि आपलं तुटलेलं नाही?" भाऊजी म्हणाले. "आपण एका गावचं नाव लावतो, जमीन होती दुसऱ्या गावात, माणसं गेली मुंबईच्या गिरणीत. हे काय जुळलेलं आहे?"

तिनं ते मान्य केलं. पण तिचं खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते बाहेर यायला आणखी थोडा वेळ लागला. भाऊजींनी तयार केलेली वंशावळ तिनं समोर ओढली. मोठा कागद, चौकटींना चौकटी जोडलेल्या. "यात मी आहे?" तिनं विचारलं.

होती. तिच्या बाबांच्या चौकटीखाली, तिच्या भावाच्या शेजारी. पण तिच्या चौकटीखाली रेघ नव्हती. तिच्या आत्यांच्या खालीही नव्हती. आत्यांची मुलं दुसऱ्या घराण्याची. त्याच्या वरच्या पिढीत तर मुलींच्या चौकटीच नव्हत्या, आणि सुनांची नावं होती ती लग्नात बदललेली.

मी एवढंच सांगेन, की त्या कागदावर माझं जे नाव आहे ते माझ्या आईनं कधीच उच्चारलं नाही. तिच्या तोंडी शेवटपर्यंत माझं माहेरचंच नाव होतं. भाऊजींनी तो कागद मन लावून केला होता आणि त्यात कुठंही खोट नव्हती. जुन्या कागदांत जेवढं होतं तेवढंच त्यांनी उतरवलं होतं. तरीही त्या घराण्यातल्या निम्म्या माणसांचा त्यात मागमूस नव्हता.

"सरकारलासुद्धा हे उमगलं," ती म्हणाली. "१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. म्हणजे आजपासून शंभर वर्षांनी कुणी शोधायला बसलं तर त्याला आया सापडतील. आपल्याला नाही सापडणार."

"एक सापडली आहे," भाऊजी म्हणाले.

आणि त्यांनी दुसरा कागद काढला. तोवर तो त्यांनी बाजूला ठेवला होता, कारण त्यांच्या कुलवृत्तान्तात तो कुठं बसवावा हे त्यांना समजत नव्हतं. कोतवाल बुकात खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद आहे. साल १९००, कारण पटकी. त्या वर्षी दुष्काळ होता आणि त्याच्यापाठोपाठ पटकीनं गावंच्या गावं धुऊन नेली. हा कागद त्यानंतरच्या सालातला, गहाणाची रक्कम फिटल्याची सावकाराची पावती, आणि तिच्याखाली निशाणी आहे ती बांगडीची. एक वर्तुळ. शेजारी बाईचं नाव, 'कोम' लावून नवऱ्याचं नाव. ही खापरपणजी. १९०३ च्या कायद्यानं हक्काची पत्रकं लिहिली जाऊ लागली. तिकडच्या पहिल्या नोंदीत शेत मुलाच्या नावावर आहे, आणि पुढे अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून तिचं नाव. जमीन खंडानं दुसऱ्याकडे. ती स्वतः त्या गावात राहत नव्हती.

"कुठं राहत होती?" मुलीनं विचारलं.

भाऊजींनी चष्मा पुसला. आडनावातल्या गावच्या शाळेत ते जाऊन आले होते. हेडमास्तरांनी जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. त्यात त्यांच्या आजोबांचं, म्हणजे माझ्या मुलीच्या पणजोबांचं नाव आहे. मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मगाव डोंगरापलीकडचं. आणि पालकाच्या रकान्यात एका माणसाचं नाव, त्यापुढे नातं लिहिलेलं: मामा.

आडनावाचं गाव हे खापरपणजीचं माहेर होतं.

नवरा गेला, कर्ज अंगावर, लहान पोर. ती भावाकडे परत आली. कर्ज फेडलं, जमीन राखली, पोराला शाळेत घातलं. पोरगं मोठं होऊन मुंबईला गिरणीत गेलं, तिथं कुणीतरी गाव विचारलं असणार, आणि त्यानं जिथं वाढला तिथलं सांगितलं. हजेरीपटावर 'कर' लागलं आणि राहिलं. चार पिढ्यांतले आमचे पुरुष ज्या नावानं ओळखले जातात ते एका विधवा बाईच्या माहेरचं आहे.

मुलगी काही बोलायच्या आत भाऊजींनी हात वर केला. "थांब. मी अजून नक्की म्हणत नाही. गिरणीचा हजेरीपट माझ्याकडे नाही. शाळेत आडनावाचा रकाना रिकामा आहे. मुंबईत नाव कुणी घातलं, कधी घातलं, याचा कागद नाही. उद्या दुसरा कागद निघाला आणि त्यात याहून जुना संबंध दिसला तर मला हे खोडावं लागेल."

"पण दुसरा काही अर्थ लागतो का?"

"नाही लागत."

"मग तुमच्या वंशावळीत सगळ्यात वर कुणाचं नाव येणार?"

"वर खापरपणजोबाच. तेच मूळ पुरुष. त्यांच्या वर फक्त 'बिन'च्या पुढचं वडिलांचं नाव."

"रक्ताचे ते मूळ. आडनावाचं मूळ ती. तुम्हीच म्हणालात, मूळ म्हणजे वाट. वाट तिनं चाललेली आहे. डोंगर ओलांडून."

आता इथं मला माझं म्हणणं सांगायला हवं. मुलीनं सुरुवातीला जे म्हटलं होतं, की हे शोधूच नये, ते मला आता अजिबात पटत नाही. भाऊजी धुळीची दप्तरं उपसत बसले नसते तर ही बाई कुणाला कधीच भेटली नसती. नुसत्या तत्त्वानं तिला वंशावळीत जागा देता आली नसती, त्यासाठी पावतीच्या कोपऱ्यातलं ते वर्तुळ कुणाला तरी वाचता यायला हवं होतं. आणि मुलगी भांडली नसती तर तीच पावती भाऊजींच्या पुस्तकाबाहेर, पिशवीतच राहिली असती, कारण त्यांच्या चौकटींच्या मांडणीत तिला घर नव्हतं. शोधावं, तर माणूस शोधावा. आडनाव हे त्यातलं सगळ्यात उशिरा आलेलं, सगळ्यात कच्चं साधन. कर्ज, खंड, मृत्यूचं कारण, पालकाचा रकाना, चतुःसीमा, यांत माणूस असतो.

भाऊजींना हे सहज पचलं नाही. शिलेदार गेला, मूळ गाव गेलं, आता आडनावही पित्याकडून आलेलं नाही, असं एका संध्याकाळी ऐकून घ्यायला छाती लागते. पण ते आयुष्यभर मोजणी करत आले आहेत, आणि हद्दीचा दगड आपल्याला नको तिथं निघाला म्हणून त्यांनी कधी उचलून सरकवला नाही. त्यांनी वंशावळीचा कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर नव्यानं आखायला घेतलं.

"तिचं नाव पावतीवर आहे ते सासरचं," ते म्हणाले. "माहेरचं कुठं मिळायचं?"

"मामाच्या घरी," मुलगी म्हणाली. "मामाचं नाव रजिस्टरात आहे ना? त्याचा वंश अजून त्या गावात असणार. आपल्या आडनावाचा कुणी नाही म्हणून तुम्ही शोध थांबवलात. ते लोक वेगळं आडनाव लावत असतील, पण आपले ते तेच."

"त्यांचे उपाध्ये वेगळे असतील. त्र्यंबकला जावं लागेल. भावानं नामावळीत बहिणीचं नाव लिहिलं असेल असं नाही."

"नसेल लिहिलं तर घरात कुणी म्हातारी बाई असेल तिला विचारू. बायका आत्यांची नावं विसरत नाहीत."

भाऊजींनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळले. "वहिनी, एक अडचण आहे. आता बाकीच्या मुलींच्या खाली रेघा काढायच्या तर त्यांची सासरं, मुलं, नातवंडं सगळं लागेल. माझ्या आत्याच चार. त्यांच्या मुली, त्यांच्या मुलींच्या मुली. प्रत्येकीच्या घरी फोन करावा लागेल. मला कुणी सांगायचं नाही, बायका तुमच्याशी बोलतील."

मी विचारलं, किती नावं होतील?

"आत्ता कागदावर आहेत त्याच्या दुप्पट तरी. पुस्तक जाड होईल."

मुलीनं वही ओढली आणि मला म्हणाली, "आई, धाकट्या आजींपासून सुरू कर. त्या अजून जाग्या असतील. आधी माहेरचं नाव विचार."